बोरवडच्या बावडीतले निळे ठोकळे

श्री. अय्यूब करीम मणियार यांना मी पहिल्यांदा पाहिले ते पाठमोरे. मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून रुजू झाल्याचा माझा तो पहिला दिवस होता. नंदुरबारजवळच्या एका शेताच्या बांधावर आमची सगळी मंडळी उभी होती, आणि खात्यात नव्याने आलेली मी एकुलती एक बाई, हातातली पर्स कुठे ठेवावी या विवंचनेत होते. एका जाणत्या सहकाऱ्याने तेवढ्यात "बाई सावलीत बसून नोंदी लिहितील" असे परस्पर ठरवूनही टाकले होते. समोर एक पडकी भिंत होती आणि तिच्यावरून एक उंच, सडपातळ गृहस्थ वीत टाकत चालले होते. अंगठा, करंगळी, पुन्हा अंगठा. टोकापर्यंत जाऊन ते वळले, खिशातल्या डायरीत काहीतरी टिपले, आणि सरळ माझ्याकडे येऊन साखळीचे टोक माझ्या हातात देत म्हणाले, "पाटीलबाई, हे तुम्ही धरा. ताण कमी पडला तर मोजणी चुकते." सावलीत बसण्याचा विषय तिथेच संपला.

ती पडकी भिंत आमच्या मोजणीच्या नकाशात कुठेच नव्हती. मग साहेब ती का मोजत होते, हे कळायला मला पुढे चार महिने लागले.

साहेबांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने मला त्यांच्या छंदावर लिहायला सांगितले, आणि मी एका पायावर तयार झाले. पण मनातले आधीच सांगते. आपल्या भागात साहेबांच्या कामाचे कौतुक निघाले की पाठोपाठ कोणीतरी हळूच म्हणतेच, "पण बोरवडच्या बावडीत त्यांचे चुकले हो." बोरवड हे माझे गाव. त्या बावडीत काय झाले हे साहेबांना आणि मला, दोघांनाच ठाऊक आहे, आणि त्याविषयी बोलायचे नाही अशी साहेबांनी मला ताकीद दिलेली आहे. हा लेख मी ती ताकीद मोडण्यासाठीच लिहायला घेतला. साहेब तो वाचतील तेव्हा ग्रंथ छापून झालेला असेल.

आता त्या भिंतीविषयी. साहेबांच्या मुलीसाठी, ती लहान असताना, कोणी नातेवाइकाने सुरतेहून प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा डबा आणला होता. एकात एक बसणारे, विटांसारखे रंगीत ठोकळे. मुलगी आठवडाभर खेळली आणि कंटाळली. वडील मात्र अजून कंटाळलेले नाहीत. त्या ठोकळ्यांतून ते आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या वास्तू उभ्या करू लागले: गढ्या, बावड्या, वेशी, एखाद्या मशिदीचा हौद, एखाद्या मंदिराची दीपमाळ. जी वास्तू कोणत्याही पुस्तकात नाही, जिच्याकडे कोणी पर्यटक फिरकत नाही, तीच साहेबांना हवी असते. एका ठोकळ्याच्या उंचीला एक वीत, असे त्यांचे माप. म्हणून मोजणीच्या निमित्ताने जिल्हाभर हिंडताना जुनी भिंत दिसली की त्यांचा हात आपोआप तिच्यावर पडायचा.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा पलंगावर एक गढी होती आणि साहेब खाली चटईवर झोपत होते. जुबेदाभाभींनी मला चहा देत सांगितले, "दोन महिना व्हयनात. आते गढीमा राजा ऱ्हास, आनि आमी दोन्ही खाले." साहेब लाजल्यासारखे हसले, पण गढी काही त्यांनी हलवली नाही. भाभींचे सहकार्य मोठे. ठोकळे भंगारवाल्यांकडून, जुन्या बाजारातून, कुठून कुठून गोळा व्हायचे. भाभी ते घमेल्यात धुऊन गच्चीवर मिरच्यांशेजारी वाळत घालायच्या. एका वर्षी तीन लाल ठोकळे मिरच्यांबरोबर कांडपाला गेले आणि यंत्र जोरात खडखडून बंद पडले. साहेब धावत तिकडे गेले ते चटणीसाठी नव्हे, ठोकळ्यांसाठी, असे भाभी अजून सगळ्यांना सांगतात.

त्या गढीकडे पाहून मी मात्र मनात जरा हिरमुसले होते. काळ्या दगडाची गढी, आणि ही तर लाल, मध्येच पिवळी, एका बुरुजाशी निळी. मी भीत भीत विचारले, "साहेब, एका रंगाचे ठोकळे मिळाले नाहीत का?" तेव्हा त्यांनी मला त्यांची रीत सांगितली. कार्यालयात ते शुद्ध मराठी बोलत, पण मनातले बोलायचे झाले की अहिराणीत शिरत.

"बेटा, जे मन्हा हातखाले उनं ते लाल. ज्यानी सोता देखेल शे त्यानी सांगं ते पिवळं. आनि जे मन्हा अंदाज, ते निळं. देखनाराले कळाले पाहिजे ना, मी कोठे खरं बोली ऱ्हायनू आनि कोठे नुसता अंदाज करी ऱ्हायनू."

म्हणजे स्वतः मोजलेले लाल, डोळ्यांनी पाहिलेल्याने सांगितलेले पिवळे, आणि अंदाजाचे निळे. मी त्या गढीकडे पुन्हा पाहिले. एवढी मोठी वास्तू, आणि तिच्यातल्या प्रत्येक ठोकळ्याने आपण किती खरे आहोत हे सांगावे! मी इतकी वर्षे सरकारी नकाशे काढते आहे. इतका प्रामाणिक नकाशा मी पाहिलेला नाही. लाल ठोकळे संपले म्हणून त्यांची एक वेस जवळजवळ वर्षभर अर्धी उभी राहिली. मी सुचवले, हिरवे ठोकळे पुष्कळ पडले आहेत, त्यांना लाल रंग देऊ. साहेबांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुढचा आठवडाभर त्यांच्यासमोर चहासुद्धा बेताने प्याले.

त्यांच्या ममत्वाची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. मला दिवस गेले तेव्हा अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातली मोजणी माझ्या वाट्याला आली होती. मी कोणालाच काही सांगितले नव्हते. साहेबांनी ते कसे ओळखले, देव जाणे. वरिष्ठांकडे जाऊन ते म्हणाले, "माझे गुडघे धरले आहेत, डॉक्टरांनी डोंगर चढायला सांगितला आहे. तो भाग मला द्या, माझे नकाशाचे काम बाईंना द्या." गुडघे धरलेल्या माणसाला कोणता डॉक्टर डोंगर चढायला सांगतो, असे आमच्या वरिष्ठांना विचारावेसे वाटले नाही, हे माझे नशीब.

साहेब निवृत्त झाल्यावर मीच त्यांना आमच्या गावची बावडी मोजायला नेले. बोरवड हे तापीकाठचे, केळी-कापसाचे गाव. गावाबाहेर तीन मजली खोल पायऱ्यांची बावडी आहे. वरचे दोन मजले कोरडे असतात, खालचा मात्र माझ्या जन्मापासून पाण्यात आहे. साहेब सलग पाच रविवार आले. पायरी न् पायरी, कोनाडा न् कोनाडा त्यांच्या वितीखालून गेला. गावातली माणसे कडेला बसून गंमत बघायची, आणि साहेबांची रंगांची रीतही त्यांना पाठ झाली होती. कोणीतरी विचारले, "चाचा, ह्या वयमा पोऱ्यासना खेळ खेळी ऱ्हायनात का?" साहेब न थांबता म्हणाले, "हा भाऊ. त्या वयमा खेळाले भेटनं नही."

पाण्याखाली काय आहे, हा प्रश्न होता. गावातल्या सगळ्यांत वयस्क आत्याबाई काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "खाले मोठी कमान शे. मन्ही सासूनी देखेल व्हती."

"तुमी देखेल शे का?" साहेबांनी विचारले.

"नही भाऊ. सासू सांगे."

साहेबांनी हात जोडले आणि डायरीत लिहिले: निळा. सासूने पाहिलेले सुनेकडून ऐकले, त्याला पिवळासुद्धा नाही. वरच्या दोन मजल्यांवर टोकदार कमानी होत्या, म्हणून खालीही तशीच असावी एवढा अंदाज त्यांनी बांधला, आणि तेवढा भाग निळा केला.

विहिरीचा नमुना करायचा म्हणजे पोकळीचा नमुना करायचा. साहेबांनी बावडी उभी चिरून दोन फळ्यांवर दोन अर्धे बांधले. फळ्या ओढल्या की बावडी उघडायची, आणि जवळपास दोन फूट खोल जाणाऱ्या पायऱ्या, देवड्या, कोनाडे आतून दिसायचे. मी त्या पायऱ्यांवर लहानपणी खेळले आहे. ती उघडलेली बावडी पाहून मला हुंदका आला, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

लाज वाटावी असे पुढे घडले. जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंचे एक प्रदर्शन नंदुरबारला भरले आणि त्यात ही बावडी मांडायची ठरली. साहेबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. ते नवापूरला लेकीकडे होते. मांडणीची सारी जबाबदारी त्यांनी विश्वासाने माझ्यावर टाकली. पहिल्या दिवशी जो येई तो तळाकडे बोट दाखवून विचारी, "बाई, आठे लाल रंग सरी गया का?" मी प्रत्येकाला रीत समजावून सांगत होते. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून बोरवडकर यायचे होते. माझे थोरले काका, ज्यांना सगळे बापूकाका म्हणतात, तेव्हा सरपंच होते. तेही येणार होते. माझ्या गावच्या बावडीला तळाशी ठिगळ लावल्यासारखे दिसते, हे मला सोसेना. दुपारच्या सुट्टीत दालन रिकामे झाल्यावर मी बेचाळीस निळे ठोकळे काढले आणि साहेबांनी दुरुस्तीसाठी सोबत दिलेल्या शिल्लक डब्यातले बेचाळीस लाल ठोकळे त्या जागी बसवले. पंधरा-वीस मिनिटांचे काम. फार सुबक दिसले. बोरवडकरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या टाळ्या पोटभर ऐकून घेतल्या.

परत बदलायचे माझ्या मनात होते. पण प्रदर्शन संपले त्याच दिवशी बापूकाका नमुना गावाला घेऊन गेले, कारण साहेबांनी तो गावालाच देऊ केला होता. ग्रामपंचायतीत काचेच्या पेटीत तो बंद करून ठेवला. पेटीचे उद्घाटन साहेबांच्या हस्ते झाले, तेव्हा बावडी मिटलेली होती. आतला तळ त्यांना दिसला नाही. पुन्हा उघडून दाखवा, असे म्हणायची मला हिंमत झाली नाही. निळे ठोकळे माझ्या कपाटात एका पिशवीत राहिले. रोज साडी काढताना पिशवी दिसायची आणि मी कपाट लावून टाकायचे.

काही वर्षांनी एका पावसाळ्यात बावडीची एक बाजू खचली आणि तळाचा मजला ढिगाऱ्याखाली गेला. गाव पेटून उठले. पाणी उपसले, श्रमदान सुरू झाले, दगडकाम जाणणारे मिस्त्री आले. एके दिवशी बापूकाकांचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

"बेटा, मणियारसाहेबनी बावडी उघाडी देखी. खालनी कमान लाल शे, म्हंजे साहेबनी नंतर पान्यामा उतरीसन मोजेल शे! तशीच बांधी ऱ्हायनूत."

मी "बरं काका" म्हटले आणि फोन ठेवला. त्यानंतर आठ दिवस मी काहीच केले नाही. जी कमान कोणीच पाहिली नव्हती ती माझ्यामुळे खऱ्या दगडात उभी राहत होती. तिच्यावर दोन मजल्यांचा भार येणार होता आणि तिच्याखालून आमच्या गावची पोरे पाण्यात उतरणार होती. नवव्या दिवशी पिशवी घेऊन मी साहेबांच्या घरी गेले आणि सारे सांगून टाकले.

साहेबांनी पिशवी ओतली आणि बेचाळीसच्या बेचाळीस ठोकळे मोजून पाहिले. "हाई काय कयं बेटा तू?" ते म्हणाले. "तो निळा रंग मन्ही सही व्हती." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. ते उठले, डोक्यावर टोपी घातली आणि म्हणाले, "चाल. बोरवड जाऊत."

बावडीवर शंभरेक माणसे कामाला लागली होती. कमान खांद्यापर्यंत आली होती. मी बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात साहेबांनी त्यांची डायरी माझ्या हातात दिली, "हाई धर," म्हणाले, आणि स्वतः पुढे झाले.

"भाऊ, काम बंद ठेवा. खालनी कमान मन्हा हातखाले कधीच उनी नही. तो मन्हा अंदाज व्हता. चूक मन्ही शे."

बापूकाका चकित होऊन म्हणाले, "पन साहेब, आठे तं लाल शे ना?"

"हा. लाल लागी गयं. चूक मन्ही शे," साहेब पुन्हा म्हणाले.

लोक चिडले, आणि त्यांचे काही चुकत नव्हते. इतक्या दिवसांची मेहनत उलगडायची होती. मिस्त्री थापी टाकून म्हणाले, "खेळणं देखीसन बांधाले लागनूत, हाईच आपली चूक." साहेबांनी मान खाली घालून ऐकून घेतले. आणि मी, जिला खरे ठाऊक होते, डायरी छातीशी धरून उभी राहिले. जो माणूस पिवळ्याच्या जागी लाल ठोकळा ठेवायचा नाही, तो माझ्यासाठी गावासमोर खोटे बोलत होता. जन्मात दोनदाच बोलला असेल; पहिले ते गुडघ्यांचे.

पुढचे दहा दिवस त्र्याहत्तराव्या वर्षी साहेब रोज बोरवडला गेले. उरलेला ढिगारा हलला तसे ते कमरेला दोर बांधून तळापर्यंत उतरले आणि मूळ भिंतीवर वीत टाकत राहिले. एका दुपारी खालून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. आम्हांला वाटले, साहेबांना चक्कर तर आली नाही ना! ते वर ओरडून सांगत होते, "कमान नव्हतीच रे भाऊ! दोन खांब आनि वर आडवी शिळा! आठे खाचा शेतस, हात घाली देखा! इतला साफ तं मी आख्खी नोकरीमा चुकनू नही!" स्वतःचा अंदाज खोटा ठरल्यावर इतका निखळ आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ढिगाऱ्यात मग ते दोन खांब आणि ती शिळाही सापडली. आज बावडी तशीच उभी आहे, भक्कम आहे.

परतताना रिक्षात मी रडले. उद्याच गावात जाऊन खरे सांगते, असे म्हणाले. साहेबांनी मला साफ मना केले. "मी रिटायर माणूस शे. लोक म्हनतीन, म्हातारा चुकना. पन तू मोजनीदार शे. तुन्हं नाव खराब व्हयनं, तं उद्या दोन भाऊसमा तू हद्द दखाडशी आनि कोनी मानाव नही. बोलानं नही."

मी बोलले नाही. साहेबांच्या आज्ञेमुळे गप्प राहिले, असे मी स्वतःला सांगत असे. खरे म्हणजे गप्प राहणे मला सोयीचे होते. किंमत साहेबांनी मोजली. शेजारच्या तालुक्यातल्या एका गावाने त्यांना आपली गढी मोजायला आग्रहाने बोलावले होते. बोरवडची बातमी पसरल्यावर त्यांनी निरोप पाठवला की आता येण्याची तसदी घेऊ नये. साहेबांनी तो निरोप मला दाखवला नाही. जुबेदाभाभींनी सांगितला. त्या एवढेच म्हणाल्या की त्या दिवशी साहेब जेवले नाहीत.

म्हणून आज, माझी नोकरी अजून सहा वर्षे बाकी असताना, माझ्या नावानिशी लिहिते. बोरवडच्या बावडीत श्री. अय्यूब मणियार यांचे काहीही चुकले नाही. जे ठाऊक नव्हते ते ठाऊक नाही, असेच त्यांनी मांडले होते. ते पुसून खोटे मी मांडले, मी, वैशाली पाटील, भूकरमापक, राहणार बोरवड. माझ्या मोजणीवर ज्यांना यापुढे शंका येईल त्यांनी खुशाल फेरमोजणी मागावी. मी साखळी घेऊन हजर राहीन. आणि ज्या गावाने आपल्या गढीचे दार साहेबांना बंद केले, त्या गावाने हा मजकूर वाचून त्यांना सन्मानाने बोलवावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. संपादक मंडळाला सांगणे इतकेच, की लेख लांबला असेल तर माझे कौतुकाचे परिच्छेद काढा, हा ठेवा.

साहेब, तुम्ही आता माझ्यावर रागवाल. भाभी तुमची समजूत घालतील, आणि तुम्ही तरीही रागवाल. तुमची दृष्टी स्वच्छ राहो, गुडघे शाबूत राहोत, आणि माझ्यावर रागावण्यासाठी तुम्हांला अजून पुष्कळ, पुष्कळ वर्षे मिळोत. मी रोज येऊन ऐकून घेईन.